क ला ऋकार, त ला त

"बंद करा! अहो, तो उजेड आधी बंद करा!"

अंधारातून एकदम आवाज आला आणि श्रुतिकाच्या हातातली बॅटरी पडता पडता राहिली. नरपडच्या रस्त्यावर रिक्षा सोडून ती चिकूच्या वाडीतल्या पायवाटेने घराकडे निघाली होती. तलासरीजवळच्या शाळेत दिवसभर चौथीच्या मुलांना भागाकार शिकवून घसा बसला होता. तरी ती वर्गातल्याच आवाजात ओरडली,

"कोण आहे तिकडे? उभं राहायचं आणि नाव सांगायचं!"

"उभं नाही राहता येणार," आवाज म्हणाला. "हात गुंतलाय. मी ललित. डहाणूच्या वीज कार्यालयात ज्युनिअर इंजिनियर आहे."

"वीज कार्यालयात? आणि उजेड बंद करा म्हणता?"

"हो... म्हणजे, फक्त दोन मिनिटं."

तिला हसू आलं. बॅटरी बंद करून ती तिथेच थांबली. डिसेंबर होता. हवेत गारवा होता आणि समुद्राकडून सुकवत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. हळूहळू डोळे सरावले तसं तिला दिसलं, बांधापलीकडच्या मोकळ्या जागेत एक चष्मेवाला तरुण मांडी घालून बसला होता. त्याच्यासमोर बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, वरच्या फळीवर कॅमेरा, आणि फळ्यांमधून आलेला एक लांब स्क्रू. तो स्क्रू तो इतक्या हळू फिरवत होता की पाहणाऱ्याला जांभई यावी.

"पापड लाटायचं यंत्र आहे का?" तिने विचारलं.

"नाही हो. पृथ्वी फिरते ना, त्यामुळे तारे सरकतात. कॅमेऱ्याला त्यांच्या मागे मागे वळवावं लागतं. एका मिनिटात स्क्रूचा एक फेरा."

"आणि पृथ्वी थांबली तर?"

"तर मीही थांबेन," तो गंभीरपणे म्हणाला.

"कुणाचा काढताय फोटो?"

"तो वर बारीक घोस दिसतो का? कृत्तिका."

"काय?"

"कृत्तिका."

"मला श्रुतिका ऐकू आलं."

"नाही, नाही. श्रुतिका कोण?"

"मी."

ललितचा हात थांबला. पृथ्वी मात्र थांबली नाही. त्या रात्रीच्या फोटोत सगळ्या ताऱ्यांना लांब शेपट्या फुटल्या.

ती गेल्यावर थोड्या वेळाने वाडीपलीकडच्या अंगणातला मोठा दिवा बंद झाला आणि आकाश एकदम खाली उतरल्यासारखं वाटलं. इतके दिवस तोच दिवा त्याला नडत होता. ललितने दोन-तीन संध्याकाळी नीट पाहिलं तेव्हा त्याला कळलं, की ही मुलगी घरात शिरली की दिवा बंद होतो. ती लवकर आली तर लवकर, उशिरा आली तर उशिरा.

म्हणजे कृत्तिकेसाठी त्याला श्रुतिकाची वाट पाहावी लागणार होती.

*

श्रुतिकाचे वडील, वासुदेव सावे, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. गावात त्यांना मास्तरच म्हणत. लग्नपत्रिका आली की ती वाचून होईपर्यंत ते तांबडं पेन खाली ठेवत नसत. घरातलं शेवटचं माणूस घरी येईपर्यंत अंगणातला दिवा बंद करायचा नाही, हा त्यांचा नियम होता. तो त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. तेव्हा कंदील होता, आता हॅलोजन आला, एवढाच फरक.

त्यांच्या वाडीत चिमण नावाचा गडी होता. तो एका संध्याकाळी घाईघाईने ओटीवर आला.

"मास्तर, बांधाजवळ तो लाइटवाला साहेब बसतो ना, तो फोनवर काय बोलला ठाऊक? माझ्या कानांनी ऐकला मी."

"काय बोलला?"

"बोलला, महिना झाला, श्रुतिकाच्या मागं लागलोय. बोलला, तिच्या अंगाभोवती ते झिरझिरीत निळा निळा असतं ना, तेच मला फोटोत पाहिजे. आणि बोलला, जरा नीट दिसायला लागली की तो मास्तर मध्ये दिवा लावून ठेवतो."

मास्तरांनी चपला घातल्या. मागून श्रुतिकाची आई, जयमालाबाई, "अहो, मफलर तरी घ्या," म्हणाल्या, पण ते तेव्हा अंगण ओलांडून गेले होते.

"तुम्हीच का माझ्या मुलीचे फोटो काढणारे?"

ललित दचकून उभा राहिला. "मुलीचे? नाही सर, मी कृत्तिकेचे..."

"तेच म्हणतोय मी. श्रुतिकेचेच!"

"कृत्तिकेचे, सर."

"माझ्या मुलीचं नाव मला शिकवता?"

ललितने नुसतं बोट वर केलं. मास्तरांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा आवाज खाली आला, पण विषय बदलला.

"तुम्ही काय म्हणालात? क्रुतिका?"

"हो सर."

"इथेच घोटाळा झाला. क ला ऋकार, आणि त ला त. कृत्-तिका. तुमचा उच्चार स्वच्छ असता तर चिमणचा कान फसला नसता आणि मला थंडीत मफलरशिवाय यावं लागलं नसतं. म्हणा."

"कृत्तिका."

"परत."

ललितने दहा वेळा म्हटलं. दहाव्या वेळी मास्तर म्हणाले, "ठीक. उद्यापासून बांधावर नका बसू, तिथे विंचू असतात. अंगणात बसा. पण दिवा श्रुतिका घरी आल्यावरच बंद होईल. आणि माझ्या अंगणात उच्चार शुद्ध हवा."

*

श्रुतिका तलासरीहून शेअर जीपने चारोटीला यायची आणि तिथून डहाणूची दुसरी गाडी भरेपर्यंत हायवेवर उभी राहायची. गाडी भरायला कधी दहा मिनिटं, कधी तास. ललितने याचा फार शास्त्रीय विचार केला. ती तासभर लवकर पोहोचली, तर दिवा तासभर लवकर बंद होईल.

म्हणून एका संध्याकाळी तो मोटारसायकल घेऊन चारोटीला हजर झाला.

"तुम्ही इथे कसे?"

"इथल्या ट्रान्सफॉर्मरची तपासणी होती... सोडू का नरपडला? मला फोटोच्या दृष्टीने सोयीचं पडेल."

"अस्सं. फोटोच्या दृष्टीने." तिने ओढणी डोक्याला घट्ट बांधली. "मग माझीही काही हरकत नाही. खगोलशास्त्राच्या दृष्टीने."

त्या हिवाळ्यात चारोटीच्या ट्रान्सफॉर्मरची जेवढी तपासणी झाली, तेवढी क्वचितच कुठल्या ट्रान्सफॉर्मरची झाली असेल.

प्रेम नेमकं कुठल्या दिवशी सुरू झालं, हे सांगणं मला जमेल असं वाटत नाही. कदाचित तो स्क्रू फिरवत बसायचा आणि ती बाजूच्या पायरीवर वह्या तपासायचं सोडून देऊन गुडघ्यांना मिठी मारून बसायची, तेव्हा केव्हातरी. तिच्या हाताला खडूचा वास असायचा. तो चष्मा पुसायला हात वापरू शकत नसे, म्हणून एकदा तिनेच तो काढून ओढणीने पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. जरा तिरका बसला. त्याने तो संध्याकाळभर तसाच ठेवला.

"मला एक कळत नाही," ती एकदा म्हणाली. "तारे तर नुसत्या डोळ्यांना दिसतात. मग एवढा खटाटोप कशाला?"

"तारे नको आहेत मला. त्यांच्याभोवती एक निळसर धूसर आहे. तेजोमेघ. तो डोळ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला खूप वेळ, न हलता, अंधारात बघत ठेवलं की मग हळूच उमटतो."

"लाजरा आहे म्हणजे."

"हो... आणि त्याला स्वतःचा उजेड नसतो. नुसती धूळ ती. कृत्तिकांचा उजेड पडतो म्हणून निळी होते."

"त्यांचाच ना तो? त्यांच्याबरोबरचा?"

"नाही, गंमत तीच आहे. त्याचा त्यांच्याशी काहीएक संबंध नव्हता. त्या आपल्या वाटेने चालल्या होत्या, हा मध्ये आला."

श्रुतिकाने हनुवटी गुडघ्यावर टेकली.

"बांधाजवळ बसला होता का?" तिने विचारलं.

ललितचा फेरा पुन्हा चुकला.

*

जानेवारी सरता सरता एक अडचण त्याच्या ध्यानात आली. फोटो चांगले यायला लागले होते. अजून दोन-तीन स्वच्छ संध्याकाळी मिळाल्या असत्या, तर तो निळा तेजोमेघ नक्की उमटला असता. आणि तो एकदा उमटला, की या अंगणात रोज येऊन बसायला कारण काय उरणार? "मास्तर, सहज आलो," असं म्हणायची त्याची छाती नव्हती.

तेव्हा त्याने एका संध्याकाळी, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, स्क्रू थोडासा उलटा फिरवला.

"शेपट्या आल्या," कॅमेऱ्यात बघत तो म्हणाला.

"अरेरे," श्रुतिका म्हणाली. तिला फार वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात सगळं जमत असताना तिची बॅटरी अचानक लागली, थेट भिंगावर.

"अगं बाई! चप्पल शोधत होते."

"असू दे, असू दे," तो घाईने म्हणाला. "उद्या परत काढू."

त्यानंतर कधी तिची चप्पल हरवली, कधी त्याचा हात घसरला. एकदा तिला फळीवर झुरळ दिसलं. एकदा त्याला ऐन वेळी शिंक आली, तीही श्रुतिका मागे वळून पाहीपर्यंत थांबून. चिमण एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, आमच्या पोरानं मोबाइलवर एका मिनिटात दहा काढले असते."

जयमालाबाई स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरी बॅटरीचे सेल अलीकडे फार लागतात."

पण कृत्तिकांना कुणाची अडचण कळत नाही. फेब्रुवारीत त्या पश्चिमेकडे कलल्या. मार्चमध्ये अंधार पडायच्या आतच खाली उतरायला लागल्या, रोज थोड्या, रोज थोड्या, समुद्राकडच्या ताडांच्या दिशेने.

"किती दिवस आहेत अजून?" श्रुतिकाने विचारलं.

"पाडव्यापर्यंत. फार तर आठवडाभर पुढे. मग थेट पावसाळ्यानंतर."

"पावसाळ्यानंतर," ती म्हणाली आणि एकच वही दोनदा तपासली.

*

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी जोराचा वारा सुटला. संध्याकाळी ललितने कॅमेरा लावला आणि पहिला फेरा सुरू करणार तोच दूर कुठेतरी 'फट्' असा आवाज झाला. अंगणातला दिवा बंदच होता; घरातले दिवे गेले. शेजारचे गेले. रस्त्यावरचे गेले. नरपडपासून पार डहाणूपर्यंत आकाशाच्या कडेला जो पिवळा धुरळा असायचा, तोही पुसला गेला. वारा ढग घेऊन गेला होता. असं आकाश ललितने त्या अंगणातून कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब," चिमण अंधारातून म्हणाला, "फोटोसाठी सगळ्या गावचा लाइट घालवलात?"

ललितचा फोन वाजला. मग परत वाजला. ताडाची मोठी झावळी तारांवर पडली होती. लाइनमन निघाले होते, पण बिघाड शोधायला साहेब हवे होते.

तो फोन हातात धरून उभा राहिला. तासभर उशीर केला असता तर कुणाला कळलं नसतं. उलट, जितक्या लवकर तो लाइट आणणार, तितक्या लवकर ते आकाश जाणार होतं. आणि असा अंधार या वर्षी परत मिळणार नव्हता. त्याने वर पाहिलं. मग शेजारच्या घरातून एक लहान मूल रडायला लागलं, ते ऐकलं.

"मला जायला हवं," तो म्हणाला.

"आणि फोटो?" श्रुतिकाने विचारलं.

"तू फिरवशील?"

दोघांच्याही लक्षात आलं की तो प्रथमच 'तू' म्हणाला होता. पण ते बोलायला वेळ नव्हता.

"मला मिनिट कसं कळणार? घड्याळ बघायला उजेड लागेल."

"काहीतरी म्हण. एका लयीत."

"एकोणतीसचा पाढा चालेल? आमच्या वर्गात तो म्हणायला बरोबर पंधरा सेकंद लागतात. इन्स्पेक्शनसाठी बसवलाय."

"एका पाढ्याला पाव फेरा," तो म्हणाला आणि मोटारसायकलकडे धावला. वळून म्हणाला, "बॅटरी..."

"नाही लावणार," ती म्हणाली. या वेळी अगदी खरं म्हणाली.

ललित झावळी शोधत तारांखालून फिरत होता तेव्हा नरपडच्या एका अंगणात एकोणतीसचा पाढा अखंड चालू होता. मास्तर ओटीवर अंधारात बसून ऐकत होते. "एकोणतीस सत्ते" ला तिचा आवाज थकून अडखळला तेव्हा त्यांनी तिथूनच सूर लावला, "दोनशे तीन," आणि पुढचे पाढे दोघांनी मिळून म्हटले. जयमालाबाईंनी देवापुढची समई दाराआड सरकवली, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून.

दिवे आले तेव्हा गावभर "आली, आली" असा ओरडा झाला. थोड्या वेळाने ललितचा फोन वाजला.

"साहेब, तक्रार आहे," श्रुतिका म्हणाली. घसा पुरता बसला होता. "लाइट फार लवकर आली."

*

पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवून झाली होती. सण म्हणून अंगणातला दिवा अजून चालूच होता. पायरीवर बसून ललितने लॅपटॉप उघडला आणि तिच्याकडे वळवला. काळ्या आकाशात टिंबांसारखे रेखीव तारे होते, आणि त्यांच्याभोवती निळं, मऊ, विस्कटलेलं काहीतरी... जणू कुणी आत्ताच तिथे श्वास सोडला होता.

"आला," श्रुतिका म्हणाली.

"आला."

"शेपट्या नाहीत?"

"एकही नाही."

"म्हणजे... झालं."

"झालं."

दोघंही फोटोकडे असे बघत बसले, की कुणी लांबून पाहिलं असतं तर निकालात नापास झाले असं वाटलं असतं.

"मी एखादा पाढा चुकायला हवा होता," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

ललितने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "श्रुतिका... जानेवारीत माझा हात घसरला होता ना? तो... घसरला नव्हता."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "किती वेळा?"

"पहिल्यांदा एकदाच. नंतर... सवय लागली."

"आणि मी इथे बसून चपला शोधत होते!"

"सापडली का शेवटी?"

"पायातच होती, वेड्या."

मग दोघं हसायला लागली. हसू आवरेना. ओटीवरून मास्तर खाकरले, तरी आवरेना. शेवटी ललित उठला. आता नाही तर थेट पावसाळ्यानंतर, हे त्याला कळत होतं. तो ओटीसमोर जाऊन, वर्गात उभा करतात तसा, हात मागे बांधून उभा राहिला.

"मास्तर, मला बोलायचंय."

"बोला."

"फोटो मिळाला. आता मला इथे यायला कारण नाही. म्हणून... म्हणजे तरीही यायचंय. नेहमी. म्हणजे मी..." त्याच्या कपाळावर घाम आला. चार महिने मास्तरांनी घोटून घेतलेला एकच शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. तोच बाहेर आला. "मला कृत्तिकेशी लग्न करायचंय!"

चिमणच्या हातातून चिकूची टोपली निसटली.

मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"उच्चार उत्तम," ते म्हणाले. "क ला ऋकार आहे, त ला त आहे. पण अडचण अशी, की त्या सहाजणी आहेत. आणि पुराणात पाहिलं तर सहाही जणी ऋषींच्या बायका आहेत."

"बाबा!" श्रुतिका ओरडली.

"श्रु..." ललित म्हणाला. "श्रुतिकाशी. सर, श्रुतिकाशी!"

"तिला विचारलंत?"

ललितने वळून पाहिलं. श्रुतिका पायरीवर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "चिमणने डिसेंबरातच बरोबर ऐकलं होतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच उगाच उच्चार सुधारलात."

"मी तेव्हाच बोललो होतो!" चिमण चिकू गोळा करता करता म्हणाला.

मास्तरांनी चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला. चारोटीहून इथपर्यंतचा सगळा रस्ता ललितला एकदम उलटा दिसायला लागला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून जयमालाबाईंचा आवाज आला, साध्या, रोजच्या सुरातला.

"अहो, अंगणातला दिवा बंद करा आता. सगळी घरी आलीत."

मास्तर उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी बटण खाली केलं. "चिमण, आत ये. श्रीखंड घे," ते म्हणाले, आणि दोघं आत गेले.

आकाश खाली उतरलं. पश्चिमेला, ताडांच्या अगदी टोकाशी, तो बारीक घोस अजून होता. कॅमेरा पिशवीतच राहिला. पायरीवर ललितला खडूचा वास आला, खूप जवळून.

या वेळी कुणाची चप्पल हरवली नाही.